'कर' (2) – एका शब्दाची किती सूत्रं? आणि रंकाळ्याचा 'रं' आडवा येतोय

उभंआडवं

नमस्कार मंडळी. एका स्थानिक अंकातल्या 9×9 च्या शब्दकोड्यात वरचा डावा कोपरा अडलाय. सूत्रं अशी (कंसातला आकडा घरांचा):

5 आडवा: बेंदराला बैल तोडतात (2)
5 उभा: करवीर म्हणजे हेच झाड. फूल देवाला चालतं, पान गुरांना चालत नाही (3)
6 उभा: कोल्हापूरचा तलाव, संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा (3)

5 उभा 'कण्हेर', त्यात शंका नाही. 6 उभा 'रंकाळा', त्यातही नाही. म्हणजे 5 आडवाच्या दोन घरांत क आणि रं आले. 'करं' असा शब्द कुठल्या कोशात आहे? अर्थाने 'दोर' बसला असता, पण मग कण्हेर उखडावी लागते.

दुसरं असं की याच अंकात मागच्या काही कोड्यांत 'सोंड (2)', 'संक्रांतीचा दुसरा दिवस (2)' आणि 'सूर्याला सहस्र असतात (2)' अशी तीन सूत्रं येऊन गेली आणि तिन्हींचं उत्तर 'कर' छापलं होतं. या शब्दाचे एकूण अर्थ किती, आणि सूत्र वाचून कुठला अर्थ धरायचा हे ओळखायचं कसं?

तिसरं, मंडळाच्या गणपती अंकासाठी असंच 9×9 बनवायचंय. 'कर' हमखास कुठंतरी येणार. 'सरकारी देणे' सोडून ताजी सूत्रं सुचवा.

बिंदूचौक

5 आडवा 'कर'च आहे. तुमचं काही चुकलेलं नाही, चौकट चुकलीय.

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, म्हणजे व्यंजन, त्याची काना-मात्रा-वेलांटी आणि डोक्यावरचा अनुस्वार हे सगळं मिळून एक. जोडाक्षरही एकच घर घेतं. म्हणून रंकाळा = रं-का-ळा, कण्हेर = क-ण्हे-र, अंबाबाई = अं-बा-बा-ई. इंग्रजी कोड्यात एका घरात सुटं अक्षर असतं, त्यामुळे त्यांचा आर कुठल्याही आरला छेदतो. आपला र मात्र फक्त र ला छेदतो. रा, रि, री, रु, रू, रे, रो, रं ही सगळी वेगळी घरं. कोडं रचणाऱ्याने 'कर' मधला र आणि 'रंकाळा' मधला रं एकच धरलेत.

काही अंकांत कोड्याच्या वर एक ओळ असते: 'ह्रस्व-दीर्घ व अनुस्वार यांचा विचार केलेला नाही.' ती ओळ असेल तर कोडं नियमात बसतं, सोडवणाऱ्याने कुरकुरत का होईना मान्य करावं. नसेल तर सरळ चूक. नाव बिंदूचौक घेतलंय म्हणून बिंदूची बाजू मांडतो असं नाही, पण ह्रस्व-दीर्घाची सूट आणि अनुस्वाराची सूट एका मापाची नव्हे. 'पाणि' आणि 'पाणी' सारख्या काही जोड्या सोडल्या तर वेलांटी बदलून शब्द ओळखीचाच राहतो. अनुस्वार काढला की माणूसच बदलतो: खत-खंत, मद-मंद, रग-रंग, बड-बंड, वश-वंश. त्यामुळे वेलांटी-उकार सैल सोडा, अनुस्वार नको. काना-मात्रेला तर कधीच सूट नाही.

आता दुरुस्ती. पहिला उपाय म्हणजे 6 उभा बदलणं. साध्या र ने सुरू होणारे तीन अक्षरी शब्द: रतीब, रहाट, रजई. पण रंकाळ्याचा शेवटचा 'ळा' खाली कुठल्यातरी आडव्या शब्दाला छेदत असणार, तिथे आता ब, ट किंवा ई येईल. मराठीत ळ आणि ण ने शब्द सुरू होत नाही, म्हणजे तो 'ळा' आडव्या शब्दाच्या मधे किंवा शेवटी असणार: शाळा, माळा, गोळा असं काहीतरी. 'रतीब' घेतलात तर तिथे ब ने संपणारा शब्द लागेल: दोन घरं असतील तर 'आब', तीन असतील तर 'हिशेब', 'गुलाब', 'रुबाब'. आणि मग त्या शब्दाच्या पहिल्या घराला छेदणारा उभा शब्द तपासायचा. एक वीट काढली की तीन हलतात.

दुसरा उपाय स्वस्त आहे. 'कर' नंतरचं काळं घर पांढरं करा आणि 5 आडवा 'करंजी' (3) लिहा. क-रं-जी, रंकाळा जागेवर राहतो. फक्त 'जी' च्या वर-खाली पांढरं घर असेल तर नको त्या ठिकाणी नवा उभा शब्द तयार होईल, ते बघून घ्या.

शिरोळची_वाट

कर म्हणजे काय ते माहीत नसलं की असं हुतंय बघा. बेंदूर आमच्या भागात दोन. एक कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठी पौर्णिमेच्या आसपास. दुसरा महाराष्ट्री, आषाढात. शिरोळ, इचलकरंजी, कागल ह्या पट्ट्यात कर्नाटकी बेंदराला जोर. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून मिरवायचं आणि शेवटी कर तोडायची. वाटेवर आडवी दोरी बांधत्यात, तिला पाला बांधलेला असतोय, बैल पळवत आणायचं, जो बैल पहिल्यांदा ती तोडून पलीकडं जाईल त्येचा मान. पलीकडं कानडी मुलखात ह्यालाच 'करि हरियोदु' म्हणत्यात. 'हरि' म्हणजे फाडणं, तोडणं. आपलं 'कर तोडणं' आणि त्यांचं ते, एकच.

सूत्र मात्र अर्धं हाय. 'बेंदराला बैल तोडतात' वाचून 'दोर' लिहिणारा चुकीचा न्हाय, कारण तोडायची ती दोरीच असती की. 'बेंदराला दोरी तोडली, म्हणजे काय तोडलं?' असं इचारलं असतं तर गाठ पक्की बसली असती.

आणि हे सूत्र पुण्या-मुंबईच्या अंकाला देऊ नका. तिकडं पोळा. कर म्हटलं की त्यास्नी नोटीस आठवंल.

जोडाक्षर

अर्थांचं सविस्तर सांगतो, कारण 'कर' हा दिसायला एक शब्द असला तरी आत किमान तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची लिंगंही एक नाहीत.

संस्कृतातला पुल्लिंगी कर: हात, हत्तीची सोंड, किरण आणि राजाला द्यायचा भाग. सोंड हा हत्तीचा हात, म्हणून ज्याला कर आहे तो 'करी', म्हणजे हत्ती, आणि मादी 'करिणी'. ('हत्ती (2)' असं सूत्र आलं की गज आधी सुचतो. शेवटचं घर 'री' असेल तर करी.) किरण हा सूर्याचा हात, म्हणून 'सहस्रकर' म्हणजे सूर्य आणि 'हिमकर' म्हणजे चंद्र. हाताच्या अर्थाचे समास रोजचेच: करकमल, करतल, करदर्शन, करबद्ध. करवतीतही तोच हात आहे, संस्कृत करपत्र वरून आली ती.

हा अकारान्त पुल्लिंगी असल्यामुळे अनेकवचनातही 'कर'च राहतो. म्हणून 'विठ्ठलाचे कमरेवर असतात (2)' हे सूत्र व्याकरणाने शुद्ध. नवखा सोडवणारा 'असतात' बघून अनेकवचनी रूप शोधत बसतो आणि फसतो.

दुसरा कर स्त्रीलिंगी: सणाच्या पाठचा दिवस. संक्रांतीची कर म्हणजे किंक्रांत, बहुतेक वर्षी 15 जानेवारी. होळीची कर म्हणजे धुळवड. पंचांगात हेच दिवस 'करिदिन' म्हणून शुभकार्याला वर्ज्य दाखवतात. (पुरणाच्या दुसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा, हा आपला स्थानिक अन्वयार्थ.) हा स्त्रीलिंगी कर ओळखायची खूण सामान्यरूपात आहे. 'कराचा बोजा' पण 'करीचा दिवस'. 'कराने' पण 'करीला'. सूत्रात 'ही', 'ती', 'येते' अशी स्त्रीलिंगी रूपं दिसली की टॅक्स आणि हात दोन्ही बाद, सणाकडे वळा.

तिसरा म्हणजे 'करणे'चा आज्ञार्थ आणि त्याचीच भावंडं. 'कर!' ही आज्ञा. हितकर, सुखकर, शंकर, भयंकर यांतला 'करणारा' हा अर्थ. 'कर नाही त्याला डर कशाला' या म्हणीतला करही इथलाच, केलेलं कृत्य या अर्थाचा. ही म्हण वाचून अनेकांना करबुडवा आठवतो, तो गंमतीपुरता ठीक.

शिवाय गावावरून आडनाव करणारा प्रत्यय: मिरजकर, निपाणीकर, कोल्हापूरकर. गावाचं नाव आकारान्त असेल तर शेवटचा काना जातो, सातारा–सातारकर, पन्हाळा–पन्हाळकर. हे सूत्रात वापरायला चांगलं आहे, पण 'प्रत्यय' हा शब्द सूत्रात घालावाच. नाहीतर सोडवणारा पूर्ण शब्द शोधत राहतो.

एक नेहमीची गफलत. 'दिनकर'चा कर किरण आहे असं समजून 'सूर्याच्या नावातला किरण' अशी सूत्रं छापली जातात. दिनकर, दिवाकर, प्रभाकर, निशाकर यांत कर म्हणजे करणारा: दिवस करणारा, प्रभा करणारा, रात्र करणारा. रत्नाकर, कमलाकर, पद्माकर, गुणाकर यांत तर कर नाहीच. तिथे 'आकर' आहे, म्हणजे खाण, साठा. रत्न + आकर, रत्नांची खाण, म्हणून समुद्र. कमलाकर म्हणजे कमळांचं तळं. किरणाचं उदाहरण द्यायचं तर सहस्रकर किंवा हिमकर द्या.

करवीरचा विषय निघालाच आहे म्हणून: देवीने प्रलयात आपल्या करांनी हे क्षेत्र उचलून धरलं म्हणून करवीर, असं सांगतात. संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. तुमच्या 5 उभ्याने दुसरा अर्थ धरलाय. तो कोशाने सिद्ध आहे, वाद नको.

घरफाळा

देण्याच्या अर्थाने सूत्र असेल तर एकदम 'कर' लिहू नका, पेन्सिलीनेसुद्धा. याच अर्थाचे दोन अक्षरी शब्द भरपूर आहेत: कर, सारा, फाळा, पट्टी, टोल. प-ट्टी, जोडाक्षर एक घर, म्हणून दोनच. जकात, खंडणी, चौथाई हे तीन अक्षरी, महसूल चार अक्षरी.

वेगळं करायची युक्ती साधी आहे. शेतजमिनीचा उल्लेख असेल तर सारा. पाण्याचा असेल तर पट्टी. घराचा असेल तर आपल्याकडे फाळा, कारण इतर शहरांत लोक मालमत्ता कर म्हणतात आणि कोल्हापुरात पावती घरफाळ्याचीच असते. रस्त्याचा असेल तर टोल. त्याला 'पथकर' असा शासकीय शब्द आहे, पण इथे आंदोलन झालं ते टोलविरोधीच. 'पथकर हटाव' म्हणत कोणी रस्त्यावर उतरलं नाही. उत्पन्न, विक्री, व्यवसाय, सेवा, करमणूक यांच्या पुढे जोडायचा असेल तर कर. 'वस्तू व सेवा यांवर 1 जुलै 2017 पासून लागला (2)' असं सूत्र मात्र ढिलं, कारण तो कर वस्तू व सेवा कर, नुसता कर नव्हे. 'कायद्याच्या अधिकाराशिवाय बसवता येत नाही, असं संविधानाचा अनुच्छेद 265 सांगतो (2)' हे नेमकं आहे.

हाताच्या अर्थालाही हीच अडचण. हात, कर, हस्त, पाणि, बाहू, भुजा, सगळे दोन अक्षरी. नक्षत्राचा इशारा असेल तर हस्त, लग्नाचा असेल तर पाणि (पाणिग्रहण), खांद्याजवळचा किंवा पराक्रमाचा असेल तर बाहू-भुजा. किरणाला रश्मी आणि अंशू हे दोन प्रतिस्पर्धी. सोंडेला शुंडा. छेदणाऱ्या घरात सुटा र मिळाल्याशिवाय कोणताच पक्का करू नका.

मधला_घास

आता ताज्या सूत्रांकडे. गूढ पद्धतीची सूत्रं गणपती अंकात दोन-तीन टाकली तर चालतात. सगळीच टाकलीत तर आरतीनंतर कोणी अंक उघडणार नाही.

गूढ सूत्राचे दोन भाग असतात: एक टोक अर्थ सांगतं, उरलेलं अक्षरांचा खेळ सांगतं. दोन्हींतून एकच उत्तर यायला हवं आणि मधे फालतू शब्द नको. 'कर'साठी लपवाछपवी, शिरच्छेद आणि दुहेरी अर्थ हे तीन खेळ जमतात. उलटा खेळ जमत नाही, 'रक' ला काही अर्थ नाही.

लपवाछपवी: 'एक रस्सा ओरपताना मधे सापडला हात (2)'. घरं पाडून बघा: ए-क-र-स्सा. मधली दोन क-र. अर्थ 'हात', खूण 'मधे सापडला'. कोल्हापूरच्या अंकाला हे शोभतं.

शिरच्छेद: 'भाकर मोडली, पहिला घास गेला, उरलं ते सरकारचं (2)'. भा-क-र मधून भा गेला. इथे 'भाकर'च लिहायची. 'भाकरी' लिहिलीत तर शेवटी री येते आणि सगळा डाव फसतो.

दुहेरी अर्थ: 'सरकार घेतं, विठ्ठल कमरेवर ठेवतो (2)'. याला खेळ लागत नाही, दोन अर्थ शेजारी ठेवले की झालं.

मराठीत गूढ सूत्र करताना जी चूक नव्वद टक्के लोक करतात (आकडा माझ्या वैतागाचा समजा) ती विभक्तीची. इंग्रजीत शब्द जसाच्या तसा राहतो, आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं शेवटचं घर बदलतं. 'चाकर' मध्ये क-र आहेत, 'चाकराला' मध्ये क-रा. म्हणून ज्या शब्दात खेळ करायचा तो सूत्रात प्रथमेत ठेवा. 'चाकर चा न पिता सणाच्या दुसऱ्या दिवशी हजर (2)' चालेल. 'चाकराचा चा काढला' चालणार नाही. ('चा' म्हणजे चहा, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.)

उभंआडवं

सगळ्यांचे आभार, 5 आडवाचा उलगडा झाला. कोड्याच्या वर सवलतीची ओळ नाही, परत बघितलं. म्हणजे चूकच.

आमच्या कोड्यासाठी चार सूत्रं करून बघितली, सोलून काढा:

1. सरकारच्या पोटात दडलेला (2)
2. रत्नाकर बुडाला, शेवटी हात तेवढा वर राहिला (2)
3. भास्कर शेवटी देतो तो किरण (2)
4. हाताने भरायचा (2)

आणि किंकरासुराचं काही करता येईल का? संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी देवीने मारला तो. त्याच्या नावात 'कर' आहे आणि त्या दिवसाचं नावही 'कर', म्हणून सुचलं.

मधला_घास

1. बाद. स-र-का-र. पोटात र-का आहे, क-र नाही. सरकार आणि कर यांची संगत इतकी पक्की की हा खेळ प्रत्येकाला सुचतो आणि प्रत्येकाचा इथेच काना मोडतो.

2. चांगलं. जोडाक्षर म्हणतात तसं रत्नाकरात 'आकर' आहे, पण अक्षरांच्या खेळाला व्युत्पत्तीशी देणंघेणं नाही. र-त्ना-क-र, शेवटची दोन घरं क-र. 'रत्नाकर' प्रथमेत ठेवलाय तेही बरोबर. बुडणारा समुद्र हा विनोद जमलाय. 'तेवढा' काढा, सूत्रात त्याला काम नाही.

3. बाद. भा-स्क-र. क स ला चिकटलेला आहे, सुटा नाही. दिनकर किंवा हिमकर घ्या. 'हिमकर वितळला, हिम गेलं, उरला किरण (2)' असं केलंत तर हि-म ही दोन घरं जातात, क-र राहतात, आणि हिमकरातला कर खरोखरच किरण असल्यामुळे जोडाक्षरही गप्प बसतील.

4. हे दुहेरी अर्थाचं वाटतं, पण 'हाताने' मधला 'ने' लटकतो. कर म्हणजे हात, हाताने नव्हे. 'हात असो वा पट्टी (2)' असं करा, दोन्ही बाजू प्रथमेत येतात.

किंकरासुराचं डोकं उडवून भागणार नाही. समासात र चा रा झालाय: किं-क-रा-सु-र. पण किंकर म्हणजे सेवक, आणि तो एकटा घेतला तर किं-क-र. गंमत बघा, नोकर, चाकर, किंकर, तिघंही सेवक. पहिले दोन फारसीतून आलेले, तिसरा संस्कृत. तिघांचंही पहिलं अक्षर कापलं की कर. त्यातून: 'नोकर, चाकर, किंकर, तिघांचंही डोकं उडवा, प्रत्येकाकडून सरकारला हाच मिळतो (2)'. लांब आहे, पण अंकात जागा असेल तर घ्या.

जोडाक्षर

मी गप्प बसणार नाही, पण हिमकर मान्य.

चौकटीबद्दल एक राहिलं. 'कण्हेर' तुमच्याही कोड्यात येणार असेल तर मधल्या 'ण्हे' ला आडवा शब्द छेदू देऊ नका. ण्हे असलेला दुसरा शब्द शोधायला गेलात तर 'कण्हेरी'च हाताला लागेल, आणि ती म्हणजे तीच पुन्हा. दोन्ही बाजूंना काळं घर ठेवा. त्यापेक्षा जोडाक्षराशिवायचे, सुट्या क, र, म, स, ल यांनी सुरू होणारे आणि संपणारे शब्द कोपऱ्यात ठेवले की छेद पटापट जुळतात. 'कर' दर कोड्यात का येतो त्याचं कारण हेच. दोन्ही घरं उघडी, कुठल्याही शब्दाच्या डोक्याला किंवा शेपटाला बसतात.

शिरोळची_वाट

अंक कोल्हापुरातच वाटणार न्हवं? मग बेंदराचं सूत्र टाकाच. 'बेंदराला बैल धावतात ते ही तोडायला (2)'. 'ही' म्हटल्यावर दोर आपोआप बाद हुतोय, दोर पुल्लिंगी.

उभंआडवं

हेच घेतो, आणि 'एक रस्सा' पुढच्या वर्षी ठेवतो, एका कोड्यात 'कर' दोनदा येत नाही. आमच्या चौकटीत 6 उभ्याला रतीब: 'गवळी रोज घालतो, बंद केला तर चहा कोरा (3)'. 'ब' खाली 'हिशेब' मध्ये बसला. रंकाळा आता 22 आडव्याला नेलाय, 'रं' ला 'सारंगी' छेदतेय.

बिंदूचौक

सा-रं-गी, जुळतंय. 'गी' च्या खालचं घर काळं आहे ना तेवढं बघा.